अठ्ठेचाळीस तासांची बाग

बाग उभी करायला किती दिवस लागतात? मेथी पेरली तर आठवड्याभरात हिरवी दिसते, जास्वंदीची फांदी रुजायला महिना जातो आणि आंब्याला फळ धरायला काही वर्षे. मी गेल्या वर्षी एक बाग उभी केली ती अठ्ठेचाळीस तासांत. अर्थात ती मातीत नव्हती, संगणकाच्या पडद्यावर होती. आणि तेवढ्या वेळात ती निदान तीस वेळा तरी माझ्या डोळ्यांदेखत मेली. ती का मरत होती आणि शेवटी कशी जगली, हे आज सांगणार आहे.

संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्यांत एक प्रथा आहे. शुक्रवारी संध्याकाळी एक विषय जाहीर होतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्यावर खेळता येईल असा खेळ सादर करायचा. २००२ साली सुरू झालेली ‘लुडम डेअर’ ही यातली जुनी, नावाजलेली स्पर्धा. २००९ पासून ‘ग्लोबल गेम जॅम’च्या निमित्ताने जगभर ठिकठिकाणी मंडळी अशी जमत आली आहेत. पुण्यातल्या अशाच एका लहानशा मेळाव्यात आम्ही तिघे होतो. विषय निघाला ‘समतोल’. आमच्यातली चित्रे काढणारी मैत्रीण म्हणाली, ‘बाग करू या.’ मला ते फारच सोपे वाटले.

आम्ही पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखले. कुठे रोप, कुठे मावा, कुठे ढालकिडा. मावा म्हणजे जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसणारे ते बारीक किडे. ढालकिडा म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असणारा, आपण ज्याला लेडीबर्ड म्हणतो तो. नियम थोडकेच होते. रोप पाण्यावर वाढते. मावा रोपाचा रस शोषतो आणि पोट भरले की त्याची मादी नराशिवायच पिल्ले देते. हे आम्ही रचलेले नाही, निसर्गातही असेच घडते. ढालकिडा मावा खातो, भरपूर मिळाला तर अंडी घालतो, नाही मिळाला तर मरतो. खेळणाऱ्याने रोपे लावायची, पाणी घालायचे आणि बाग दहा मिनिटे जिवंत ठेवायची. संगणक सेकंदाला दहा वेळा हे नियम प्रत्येक चौकोनाला लावत राहतो. बाग पुढे कशी दिसेल हे आपण कुठेच लिहीत नाही, कोणी कसे वागायचे एवढेच लिहितो. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

शनिवारी सकाळी बाग पहिल्यांदा चालू केली. पहिले मिनिटभर सगळे छान. मग मावा भराभर वाढला, पाठोपाठ ढालकिडे वाढले, त्यांनी मावा चाटूनपुसून खाल्ला आणि दुसऱ्या मिनिटाला सगळे उपाशी मेले. उरली नुसती रोपे. आकडे बदलले, तर या खेपेला माव्याने रोपे संपवली आणि पडदा उजाड झाला. दुपारपर्यंत आम्ही आकडेच बदलत होतो.

खरे तर हे गणित शंभर वर्षांचे जुने. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली. त्या काळात तिथल्या बाजारांत येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढल्याचे उम्बेर्तो दान्कोना या जीवशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. त्याने आपले सासरे, गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा, यांना कारण विचारले. व्होल्तेरांनी १९२६ साली भक्ष्य आणि भक्षक यांची समीकरणे मांडली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका स्वतंत्रपणे त्याच समीकरणांपर्यंत पोचले होते. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतात, मग भक्ष्य घटते, पाठोपाठ भक्षक घटतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. कागदावर हा झोका कधीच थांबत नाही.

मग आमचा का थांबत होता? कारण कागदावर मावा शून्य दशांश शून्य तीन इतका उरला तरी चालतो, त्यातून तो पुन्हा वाढतो. बागेत तसे नाही. तिथे निदान एक किडा तरी जिवंत असावा लागतो. शून्य झाले की कायमचे शून्य.

संध्याकाळी आमच्या तिसऱ्या भिडूने पळवाट सुचवली. मावा पाचाच्या खाली गेला की गुपचूप वीस सोडायचे. कुणाला कळणार? तसे करून पाहिले. बाग मरेना. पण खेळणाऱ्याने पाणी घातले काय आणि न घातले काय, ती तशीच! मग राखण करायची ती कशाची? चोवीस तास संपले होते आणि आम्ही होतो तिथेच होतो.

रात्री दोनच्या सुमारास एका कोपऱ्यातला मावा मरत नाही असे दिसले. शोध घेतला तर चूक माझीच. तिथले दगड केवळ शोभेचे होते, पण माझ्या हातून ढालकिड्याला दगडावरून जाण्याची बंदी घातली गेली होती. माव्याला ती नव्हती. दगडांच्या आडोशाला थोडा मावा टिकत होता आणि तिथून पुन्हा बागेत पसरत होता. मी चूक दुरुस्त करायला निघालो होतो, पण मैत्रिणीने हात धरला. ‘थांब, बाग जगली आहे.’

तेव्हा मला कॉलेजात वाचलेले दोन प्रयोग आठवले. रशियाचा गाउझे याने १९३०च्या दशकात एकपेशीय जिवांची अशीच झुंज काचेच्या नळीत लावली. शिकाऱ्याने सगळे खाल्ले आणि तो उपाशी मेला. पण तळाशी लपायला गाळ ठेवला तेव्हा भक्ष्य वाचले. अमेरिकेत हफेकर याने १९५८ साली संत्र्यांवर कोळीकीटक सोडले, एक रस खाणारा आणि दुसरा त्याला खाणारा. साध्या मांडणीत दोघेही संपले. मग त्याने पुष्कळ संत्री मांडली, शिकाऱ्याच्या वाटेत व्हॅसलिनचे बांध घातले आणि भक्ष्याला तंतूच्या आधाराने उडून जाता यावे म्हणून लाकडी काड्या उभ्या केल्या. तेव्हा दोघांचे चढउतार सलग तीनदा दिसले. थोडक्यात, समतोल आकड्यांत नव्हता, जागेच्या ठेवणीत होता. आडोसे हवेत, अंतर हवे, कुणीतरी कुणाच्या तरी हाती न लागणे हवे.

मग पहाटेपर्यंत आम्ही बागेत पाचोळा, दगड, दाट झुडपे टाकली. बाग जगू लागली, पण ठरावीक अशी राहीना. एक मावा एक घर सरकवला तरी पाचव्या मिनिटाला निराळीच बाग समोर येई. इंग्लंड-अमेरिकेत काम केलेले रॉबर्ट मे यांनी १९७६ साली दाखवले, की एका ओळीच्या सूत्राने वाढणारी लोकसंख्याही एका मर्यादेपलीकडे असेच बेभरवशाचे हेलकावे खाते. नियम पक्के, तरी अंदाज अशक्य. गणितात याला ‘केऑस’ म्हणतात. आम्ही त्याला आवर घालायचे सोडून दिले. खेळाची मजा त्यातच होती.

रविवारी दुपारी आम्ही फवाऱ्याचे बटण घातले. ते दाबले की आसपासचे शंभरातले नव्वद किडे मरत, मावा असो की ढालकिडा. शेजारच्या टेबलांवरची मुले खेळायला आली आणि सगळी ते बटण दाबत सुटली. आणि हरली! उरलेला मावा भराभर वाढे, आणि त्याला खाणारे आधीच थोडे, त्यात उपाशी. व्होल्तेरांच्या गणितातही हेच निघते, की दोघांना सारखे मारले तर फायदा भक्ष्याचा. कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागांनी हे अनुभवले आहे. तिथे १८८८-८९मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्याने एका पांढऱ्या खवलेकिडीचा बंदोबस्त केला होता. १९४०च्या दशकात डीडीटीची फवारणी सुरू झाली, ढालकिडे मेले आणि ती कीड पुन्हा उसळली.

मुदत संपायला दहा मिनिटे असताना आम्ही खेळ सादर केला. आवाज घालायला वेळच उरला नव्हता. बक्षीस मिळाले नाही.

पुढच्या रविवारी घरी जास्वंदीवर मावा दिसला आणि सवयीने मी औषधाची बाटली घेऊन गेलो. पानामागे एक काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी होती. अशा अळ्या मी वर्षानुवर्षे कीड समजून चिरडत आलो होतो. खेळासाठी चित्रे पाहताना कळले होते, की हीच ढालकिड्याची पिल्ले, आणि माव्याची मोठी खाणारी हीच. मी बाटली खाली ठेवली. दोन आठवड्यांनी मावा कमी झाला होता. संपला मात्र नव्हता, आणि या वेळी तो संपावा असे मलाही वाटले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)