सुट्टीत मुलांनी काय पाहावे?

‘फादर, सुट्टीत मुलांनी मोबाईलवर काय पाहावे?’ हा प्रश्न पालक वारंवार विचारतात. यूट्यूबसारखे माध्यम शिफारशी करीत असतेच. परंतु आपण यापूर्वी काय पाहिले व किती वेळ पाहिले, यावरच त्या मुख्यतः बेतलेल्या असतात. आपल्या मुलाला ओळखणारे कोणी त्यामागे नसते. म्हणून पापडी परिसरातील कुटुंबांसाठी माझी वैयक्तिक निवड येथे देत आहे.

प्रारंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून करावा. 1910-11 च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहून ते भारावून गेले. तो पुन्हा पाहण्यास जाताना त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना सोबत नेले. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चालू असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी 1917 साली ‘नवयुग’ मासिकात नमूद केले आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेचे चित्र पाहून स्वतःच्या श्रद्धेचे चित्र रेखाटावेसे वाटणे, हे मला या कथेत सर्वांत मोलाचे वाटते. त्यातूनच 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. ही धडपड परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) या चित्रपटात खेळकरपणे आली आहे. मुले कंटाळणार नाहीत.

‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. ठरावीक अंतराने थोडे थोडे चित्रण करीत गेल्याने कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. आपल्या वाडीवरच्या मुलांना हे सहज जमेल. कुंडीत वाल पेरावा, मोबाईल रोज त्याच जागी ठेवून त्याच वेळी एक छायाचित्र घ्यावे आणि महिन्याअखेर ती सलग जोडावीत. मधल्या काळात घर झाडताना कुंडी कोणी सरकवणार नाही, एवढे पाहावे!

संगीतासाठी प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) सुचवितो. संगीत केशवराव भोळे यांचे, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. त्यातील बीजापासून होणाऱ्या वाढीविषयीचे पद तुकोबांचे नव्हे. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचले. तरी अनेकांनी तो मूळ अभंगच मानला. मोहरीच्या दाण्याचा दाखला ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना ते परके वाटणार नाही. चित्रपट दोन तासांहून मोठा आहे. घरात लहान मुले असल्यास दोन संध्याकाळी विभागून पाहावा.