धरणाच्या पोटातील वाळू

पावसाळ्यात धरणे किती भरली याचे आकडे आम्ही वृत्तपत्रवाले ठळक टाइपात छापतो. धरणाच्या पोटात काय भरले आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही; आणि मातीच्या धरणाचे आयुष्य तर त्यावरच अवलंबून असते.

मातीचे धरण झिरपतेच. तो त्याचा दोष नव्हे, धर्म आहे. प्रश्न एवढाच, की झिरपणारे पाणी एकटे बाहेर पडते की मातीचे कण सोबत घेऊन. कण निसटू लागले की आतल्या आत बीळ पडते, ते जलाशयाच्या दिशेने वाढत जाते आणि काही तासांत धरण खचते. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील टिटन धरण ५ जून १९७६ रोजी, पहिल्यांदाच भरत असताना, असेच फुटले. सकाळी गढूळ पाणी वाहताना दिसले आणि दुपारचे बारा वाजण्यापूर्वी धरणाला खिंडार पडले. ११ माणसे दगावली. बारीक गाळमातीचा गाभा आणि भेगाळलेला खडक यांच्यामध्ये कण अडविणारा वाळूचा थर नव्हता.

हा वाळूचा थर म्हणजेच धरणाची गाळणी. तिचे कण इतके बारीक हवेत की गाभ्याची माती निसटू नये, आणि इतके जाड की पाणी तुंबू नये. कार्ल टेर्झागी यांनी हे प्रमाण गेल्या शतकातच बांधून दिले. शास्त्र तयार आहे. घात होतो तो बांधकामावर. उंचावरून वाळू ओतली की जाड खडे घरंगळून कडेला जमतात आणि नेमक्या तिथूनच माती वाट काढते. म्हणून ती कमी उंचीवरून, ओलसर करून, पातळ थरांत पसरावी व दाबावी. गाळणीचा माथा शेजारच्या मातीपेक्षा थोडा वर राखावा, म्हणजे आमच्या कोकणी पावसातला चिखल तिच्यात उतरणार नाही. मालमोटारी ठरलेल्या एकाच जागेवरून ओलांडाव्यात व तेथील मळलेली वाळू उकरून टाकावी. दाबल्यानंतर वाळू पुन्हा चाळून पाहावी. बारीक धूळ शेकडा ५ हून अधिक नको. आणि थर कुठेही तुटता कामा नये, कारण पाणी ती फट शोधल्यावाचून राहत नाही.

ही सारी कामे दुसऱ्या दिवशी मातीखाली झाकली जातात. मोजमापाच्या वहीत काय लिहिले तेवढेच उरते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. तत्कालीन मंत्रिमहोदयांनी मात्र खेकड्यांकडे बोट दाखविले. बीळ कोणीही पाडो, ते जिथे थांबवायचे ती जागा गाळणीची आहे, आणि गाळणीचा जबाब खेकड्याने नव्हे, माणसाने द्यायचा आहे.

साळावली व तिळारीच्या पाण्यावर जगणाऱ्या गोमंतकीयांनी हे परक्याचे दुखणे मानू नये. मातीच्या प्रत्येक धरणाच्या गाळणीच्या चाचण्या व झिरप्याच्या नोंदी जनतेपुढे खुल्या असाव्यात, आणि पायथ्याच्या गावकऱ्याने ‘पाणी गढूळ येते आहे’ असे सांगताच अभियंत्याने त्याच दिवशी धरण गाठावे. स्वच्छ झिरपा ही धरणाची खुशाली. गढूळ झिरपा ही त्याची हाक आहे. ती ऐकण्यास उशीर लावणे आम्हांस परवडणारे नाही.