ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस : डेंग्यू आणि शरीराची उपजत प्रतिकारशक्ती

जमाखर्चाचा ताळेबंद, शिबिरांचा वृत्तांत आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक लेख देण्याचा प्रघात या अहवालाने आजवर पाळला आहे. यंदा विषय शोधावा लागला नाही. पावसाळा सरत आला आणि तापाचे रुग्ण वाढू लागले, की बिलाच्या खिडकीपाशी एक संवाद हमखास घडतो. ‘पाच दिवस ठेवून घेतलेत, दिवसातून दोन-दोन वेळा रक्त काढलेत, आणि औषध म्हणाल तर तापाची साधी गोळी व सलाईन!’ तक्रार करणारे गृहस्थ बहुधा रात्रभर जागलेले असतात. त्यांचा प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर बिलाच्या कागदावर मावण्यासारखे नाही. ते येथे सविस्तर द्यावे असे ठरविले. मजकूर आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांनी वाचून तपासला आहे.

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही विषाणू मुख्यतः एडिस इजिप्ती या डासाच्या मादीमार्फत पसरतात. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. आणि डेंग्यूच्या विषाणूचा थेट नायनाट करणारे मान्यताप्राप्त औषध अद्याप उपलब्ध नाही. तरीही डेंग्यूचे बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. त्यांना बरे करते ते त्यांचेच शरीर.

शरीराची संरक्षणव्यवस्था दुहेरी आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर हाताशी असलेली किरकोळ रोकड निराळी आणि विश्वस्त मंडळाच्या ठरावानंतर मंजूर होणारा निधी निराळा. विशिष्ट विषाणू ओळखून त्याच्यावर नेमकी बसतील अशी प्रतिपिंडे तयार करणे, हे ठरावाचे काम. ते अचूक असते, पण पहिल्या खेपेस त्याला आठवडाभर तरी लागतो. तोवर दारात आलेला खर्च रोकडीतूनच भागवावा लागतो. ही रोकड म्हणजे उपजत प्रतिकारशक्ती. शत्रूचे नाव-गाव तिला ठाऊक नसते. हा आपला नव्हे, एवढेच ती जाणते आणि काही तासांत कामास लागते.

डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेबरोबर विषाणू त्वचेत उतरतो. त्वचेखाली पहारेकरी पेशी असतात. फांद्यांसारखे हातपाय पसरलेल्या या पेशींचे काम परका पदार्थ पकडून जवळच्या लसिकाग्रंथीत वर्दी देण्याचे. डेंग्यूचा विषाणू नेमका याच पेशींत शिरतो आणि त्यांच्याबरोबर लसिकाग्रंथीपर्यंत प्रवास करतो. पहारेकऱ्याच्याच घोड्यावर बसून चोराने किल्ल्यात यावे, असा हा प्रकार आहे.

पेशीत शिरलेल्या विषाणूला स्वतःच्या प्रती काढाव्या लागतात, आणि तेथेच तो सापडतो. त्याची सारी जनुकीय माहिती आरएनए नावाच्या एका धाग्यावर, सुमारे १०,७०० अक्षरांत लिहिलेली असते. प्रत काढताना या धाग्याचे दुपेडी रूप तयार होते. असा लांब दुपेडी आरएनए निरोगी मानवी पेशीत सहसा आढळत नाही. पेशीच्या आत काही प्रथिने केवळ हा वेगळेपणा हेरण्यासाठी असतात. त्यांनी इशारा दिला, की पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडू लागते.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमन यांनी लावला. कोंबडीच्या अंड्यातील पटलाचे तुकडे त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेल्या फ्लूच्या विषाणूबरोबर ठेवले. नंतर त्या तुकड्यांत जिवंत विषाणू वाढेना. एवढेच नव्हे, तर ज्या द्रवात ते तुकडे ठेवले होते, तो द्रव नव्या तुकड्यांना दिल्यावर त्यांनाही संरक्षण मिळाले. द्रवात उतरलेला तो पदार्थ म्हणजे इंटरफेरॉन.

इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. ते शेजारच्या पेशींना सावध करते. वाडीतील एका घरावर दरोडा पडल्याची हाक ऐकून बाकीच्या घरांनी कड्या घालाव्यात, दिवे मालवावेत आणि धान्याची कोठारे बंद करावीत, तसे शेजारच्या पेशी करतात. हाक ऐकणाऱ्या पेशीत शेकडो जनुके जागी होतात. त्यांपैकी काहींमुळे विषाणूचा आरएनए कापला जातो, तर काहींमुळे पेशीतील प्रथिनांचे उत्पादनच थांबते. विषाणूला परक्याच्या कारखान्यात माल काढायचा असतो. कारखानाच बंद झाला तर त्याचे काही चालत नाही. पेशीचेही नुकसान होते, पण टाळेबंदीचा तोटा लुटीपेक्षा पुष्कळ कमी. शिवाय, बाधित पेशी शोधून त्या संपविणाऱ्या नैसर्गिक मारक पेशीही याच सुमारास जाग्या होतात.

या पहिल्या फळीचे महत्त्व किती, हे वेस्ट नाईल या डासांमार्फतच पसरणाऱ्या दुसऱ्या विषाणूच्या अभ्यासातून दिसून आले. हा विषाणू बहुतेकांना जाणवण्याइतकाही त्रास देत नाही. मात्र थोड्यांना त्यामुळे मेंदूज्वर होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, अशा मेंदूज्वराच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. हाक देणाऱ्याचाच गळा दाबला गेल्याने घरे बेसावध राहिली होती.

डेंग्यूचा विषाणूही काही स्वस्थ बसत नाही. त्याच्याजवळ अवघी दहा प्रथिने आहेत, परंतु एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तो मोठा व्यवहार करतो. आपल्या प्रती तो पेशीतील पटलांच्या घड्यांमध्ये दडून काढतो, म्हणजे पहारेकऱ्यांच्या नजरेस दुपेडी धागा लवकर पडू नये. त्याचे एक प्रथिन, इंटरफेरॉनचा निरोप पेशीकेंद्रापर्यंत नेणारा दूतच नष्ट करवते. हाक ऐकू येते, पण कडी घालण्याचा हुकूम आत पोहोचत नाही. या चढाओढीत विषाणू काही दिवस रक्तात मुबलक वाढतो.

ताप येतो तो या दिवसांत. रक्षक पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिने मेंदूतील तापमानाचे केंद्र वर चढवतात. अंगदुखी आणि गळून जाणे, यांतही त्यांचा मोठा वाटा असतो. एके काळी कावीळीच्या काही प्रकारांत इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, तेव्हा त्या रुग्णांना अंगात विषाणूचा नवा संसर्ग नसतानाही फ्लूसारखा ताप व कणकण येई. ‘मग इंटरफेरॉनच का टोचत नाही?’ असे आम्हांस एका सुशिक्षित नातेवाइकांनी विचारले होते. डेंग्यूचा रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तेव्हा त्याचे शरीर ते भरपूर बनवीतच असते, हे त्याचे उत्तर.

तपासण्यांचा क्रमही यावरून उलगडतो. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन सापडते, म्हणून तेव्हा ती तपासणी करतात. आयजीएम प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी प्रतिपिंडांची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून डेंग्यू नाही असे ठरत नाही. मंडळाची सभाच अजून भरलेली नसते. या प्रतिपिंडांच्या तपासणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था, आपल्या राज्याने अभिमान बाळगावा अशी आहे.

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान ताप उतरतो. रुग्ण उठून बसतो, चहा मागतो आणि नातेवाईक घरी सोडण्याचा आग्रह धरतात. रक्तातील विषाणू खरोखरच कमी झालेला असतो. परंतु पुढचे २४ ते ४८ तास काही रुग्णांच्या बाबतीत सर्वांत धोक्याचे असतात. लढाईत सोडलेली संदेशवाहक प्रथिने आणि विषाणूचे एनएस-१ यांच्या माऱ्याने केशवाहिन्यांची अस्तरे सैल पडतात व रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो. तो छातीत आणि पोटात साचतो. रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो. म्हणजे येथे इजा शत्रूइतकीच स्वतःच्या तोफांनीही केलेली असते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने पूर्वी आजारी पडलेल्यास दुसऱ्या प्रकाराची बाधा झाली, तर जुनी प्रतिपिंडे नव्या विषाणूला नीट रोखू शकत नाहीत. उलट त्याला भक्षक पेशींत शिरण्यास मदत करतात. दुसऱ्या खेपेचा डेंग्यू अधिक जड जाण्याचे हे एक कारण मानले जाते.

दिवसातून दोनदा रक्त काढतात ते हा झिरपा वेळीच कळावा म्हणून. नातेवाइकांचे सारे लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे असते. डॉक्टरांचे लक्ष हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्त किती दाट झाले याकडेही तितकेच असते. सलाईनचे माप त्यावरून ठरते. ते कमी पडले तर रक्तदाब कोसळतो, आणि जास्त झाले तर झिरपलेला द्रव रक्तात परतताना फुप्फुसांत पाणी होण्याची भीती असते. ‘साधे सलाईन’ ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, वेळेवर निदान व योग्य उपचार मिळाल्यास तीव्र डेंग्यूतील मृत्यूंचे प्रमाण एक टक्क्याच्या आत राखता येते. त्या आकड्यामागे मुख्यतः ही मोजमापे आणि रात्रपाळीच्या परिचारिकांची जागरूकता आहे.

प्लेटलेटविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण यावरून खटके उडतात. आकडा घसरला की पिशव्या चढवाव्यात, असा आग्रह होतो. सिंगापूर व मलेशियातील रुग्णालयांत प्रौढ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून खाली गेलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या रुग्णांना प्लेटलेट देऊनही रक्तस्राव टळल्याचे दिसले नाही. उलट पिशवी चढविल्याने होणारे त्रास मात्र वाढले. रक्तदात्यांनी दिलेली पिशवी ज्याला खरोखर रक्तस्राव होत आहे त्याच्यासाठी राखून ठेवणे, यात कृपणपणा नाही. अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेनच्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून तापासाठी केवळ पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मापात. ज्यांना दाखल न करता घरी पाठवितो, त्यांना असह्य पोटदुखी, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास, ताप नसला तरी, तडक परत येण्यास सांगितले जाते.

राहता राहिला आणखी एक नेहमीचा प्रश्न : तापाच्या कक्षात भर दुपारी मच्छरदाण्या कशाला? एडिस दिवसा चावतो, आणि तापाच्या दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. डासाच्या शरीरात प्रतिपिंडे मुळीच नसतात. त्याची सारी भिस्त उपजत प्रतिकारावरच. विषाणूच्या आरएनएचे बारीक तुकडे करून तो त्याला आटोक्यात ठेवतो, पण पुरता हटवू शकत नाही. आठ-दहा दिवसांत विषाणू त्याच्या लाळेत उतरतो, आणि पुढे तो जगेल तोवर दुसऱ्यांना बाधा देत राहतो. शेजारच्या खाटेवर कदाचित नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण असतो.