पहिला गोल्फ सेट : चौदा नकोत, सात पुरे



मागच्या भागात आपण होल, पार आणि हँडिकॅप म्हणजे काय ते पाहिलं. त्यानंतर पुढचा प्रश्न ओघानंच येतो : शिकायचं ठरवलंय, आता क्लब कोणते घ्यायचे? आज त्याबद्दलच बोलू. गोल्फमध्ये संस्थेलाही क्लब म्हणतात आणि चेंडू मारायच्या काठीलाही. आजच्या भागात क्लब म्हणजे काठी, एवढं पक्कं धरून चला.

आधी माझी फजिती सांगते. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही जमशेदपूरला होतो आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गोल्फ शिकायला घेतलं. घरात मिस्टरांचा जुना सेट होता. नवा कशाला, हाच वापर, असं ठरलं. मिस्टर सहा फुटांचे, मी पाच फूट एक इंच. क्लब लांब, जड, स्टीलच्या दांड्यांचे. मी ते खालपर्यंत धरून मारायचे. चेंडू गवतातून सरपटत जायचा आणि संध्याकाळी कोपर ठणकायचं. चार महिने असं चाललं आणि मग मी मनाशी ठरवून टाकलं, हा खेळ आपल्यासाठी नाही. पुढचं दीड वर्ष मैदानावर पाऊल टाकलं नाही.

पुन्हा गेले ती पाहुण्यांना मैदान दाखवायला. तिथल्या एका जुन्या कॅडीनं मला ओळखलं. त्यानं कुणाच्या तरी बॅगेतला एक आखूड, हलका सात नंबर काढून हातात दिला आणि म्हणाला, “मॅडम, एक बार इससे मारिए.” तिसरा की चौथा चेंडू हवेत गेला. हात तेच होते, शिकवणीही तीच होती. फक्त काठी बदलली होती.

हे सांगायचं कारण असं, की नव्या माणसाला आपली चूक कुठे संपते आणि काठीची कुठे सुरू होते ते कळत नाही. तो सगळा दोष स्वतःकडे घेतो आणि खेळ सोडतो. उलट काही जण पहिल्याच महिन्यात लाखाचा सेट आणतात आणि सहा महिन्यांनी तो माळ्यावर जातो. दोन्ही टाळता येतं.

चौदा हा आकडा कुठून आला

नियमानुसार खेळाडूला बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. ही मर्यादा अमेरिकेत 1938 मध्ये आली आणि ब्रिटनमध्ये पुढच्या वर्षी. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरत. म्हणजे चौदा ही कमाल मर्यादा आहे. चौदा असलेच पाहिजेत असं कुणीही म्हटलेलं नाही. दुकानात मात्र ही गोष्ट सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

चांगल्या खेळाडूचा सलग नंबरांच्या दोन आयर्नमधला फरक साधारण 10 ते 15 यार्डांचा असतो. आपला नवा खेळाडू एकाच क्लबनं एकदा 60 यार्ड मारतो, एकदा 110. त्याला सहा नंबर आणि सात नंबर यांतला फरक काय उपयोगाचा? स्पेनचा सेव्ह बाय्येस्तेरोस लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर एकच तीन नंबरचं आयर्न घेऊन तासन्‌तास खेळायचा आणि पुढे जगातल्या मोठ्या खेळाडूंत गणला गेला. आपल्याकडे 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता. पूर्ण सेट असल्याशिवाय खेळ येत नाही, हा समज मनातून काढून टाका.

बॅगेत काय काय असतं

क्लबचे ढोबळ प्रकार सहा. ड्रायव्हर सगळ्यात लांब, साधारण 45 इंचांचा, मोठ्या डोक्याचा. मग फेअरवे वूड. नाव लाकडाचं, पण आता डोकं धातूचं. मग आयर्न, म्हणजे पातळ पात्याचे नंबरवाले क्लब. लांब आयर्न मारायला कठीण म्हणून आलेला, वूड आणि आयर्न यांच्या मधला हायब्रिड. जवळून चेंडू उंच उचलायला वेज. आणि शेवटी होलपाशी चेंडू लोटायला पटर.

या सगळ्यांत खरा फरक लॉफ्टचा. लॉफ्ट म्हणजे पातं मागे किती कललेलं आहे तो कोन. लॉफ्ट कमी, तर चेंडू खालून आणि लांब. लॉफ्ट जास्त, तर चेंडू उंच आणि जवळ. नवख्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की लॉफ्ट जास्त असेल तर चेंडूला मागे फिरणारी गिरकी जास्त मिळते आणि तो डावी-उजवीकडे कमी वळतो. लॉफ्ट कमी असेल तर पातं जरा वाकडं लागलं तरी चेंडू थेट झाडीत. म्हणून ड्रायव्हर नवख्याला रडवतो आणि नऊ नंबर सांभाळून घेतो.

माझी सातची यादी

पाच नंबरचं वूड, लॉफ्ट 18 अंशांच्या आसपास. पाच नंबरचा हायब्रिड, साधारण 25 अंश. सात आणि नऊ नंबरचं आयर्न. पिचिंग वेज. 54 ते 56 अंशांचा सँड वेज. आणि पटर. झाले सात, चौदाच्या बरोबर निम्मे.

यात ड्रायव्हर नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सुरुवातीचं एक वर्ष टीवरून पाच नंबरच्या वूडनं मारा. चेंडू थोडा कमी जाईल, पण सापडेल. पुढे ड्रायव्हर घ्याल तेव्हा 9 अंशांचा घेऊ नका. साडेदहा ते बारा अंशांचा बघा.

आयर्न घेताना ‘कॅव्हिटी बॅक’ मागा. यात पात्याची मागची बाजू पोकळ ठेवून वजन कडांकडे नेलेलं असतं. त्यामुळे चेंडू मधोमध न लागता टोकाकडे लागला तरी पातं कमी फिरतं आणि फटका अगदीच वाया जात नाही. ही कल्पना रुजवली कार्स्टन सोल्हाइम यांनी. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या या गृहस्थांचं पटिंग चांगलं होत नव्हतं, म्हणून त्यांनी 1959 मध्ये घराच्या गॅरेजमध्ये स्वतःचा पटर बनवला. त्यातून पिंग ही कंपनी उभी राहिली. पुढे वजन कडांकडे नेण्याचं तेच तत्त्व आयर्नला लागू झालं. सपाट, भरीव पाठीचे ‘ब्लेड’ दिसायला देखणे असतात, पण ते रोज सराव करणाऱ्यांसाठी. आपण त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सँड वेजबद्दल एक भारतीय सूचना. त्याच्या तळाला ‘बाउन्स’ नावाचा फुगवटा असतो. तो पातं वाळूत रुतू देत नाही. जीन साराझेन यांनी असा क्लब वापरून 1932 मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली आणि तो सगळीकडे पोहोचला. पण आपल्याकडच्या कित्येक मैदानांवर उन्हाळ्यात जमीन टणक होते. तिथे फार मोठा बाउन्स आपटून वर उसळतो आणि पात्याची धार चेंडूच्या पोटात बसते. म्हणून दहा अंशांच्या आसपासचा मध्यम बाउन्स बरा.

दांडी, लांबी आणि पकड

क्लबच्या डोक्याइतकीच त्याची दांडी, म्हणजे शाफ्ट, महत्त्वाची. स्टीलची दांडी आयर्नमध्ये साधारण 100 ते 130 ग्रॅमची असते, हलकी ग्रॅफाइटची 50 ते 70 ग्रॅमची. कोपर किंवा मनगट दुखत असेल, वय पन्नाशीपुढे असेल किंवा अंगात फार ताकद नसेल, तर ग्रॅफाइट घ्या. ताकदवान तरुणाला स्टील चालेल, आणि ते सहसा स्वस्तही पडतं.

दांडी किती लवते याला फ्लेक्स म्हणतात. दांडीवर लेडीज, सीनिअर, रेग्युलर, स्टिफ असं लिहिलेलं असतं. या शब्दांचा मान-अपमान मनाला लावून घेऊ नका. ते बाई-माणूस किंवा वय सांगत नाहीत, फटक्याचा वेग सांगतात. ढोबळ हिशेब असा : ड्रायव्हरनं चेंडू हवेत 200 यार्डांच्या आत पडत असेल तर सीनिअर किंवा त्याहून मऊ, 200 ते 240 असेल तर रेग्युलर. स्टिफ त्याच्या पुढे. ‘मी जिमला जातो’ एवढ्यावरून कुणी स्टिफ घेऊ नये.

लांबीसाठी घरी मोजमाप करा. बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. ते साधारण 34 ते 36 इंच भरलं तर पुरुषांच्या सेटची ठरावीक लांबी चालते. त्याहून कमी असेल तर अर्धा-एक इंच आखूड क्लब लागतो. बुटक्या पुरुषानं ‘लेडीज’ लिहिलेला सेट घेतला तरी काही बिघडत नाही. मुलांसाठी मात्र मोठ्यांचे क्लब कापून देऊ नका. कापलेली दांडी आणखी कडक होते आणि डोक्याचं वजन तेवढंच राहतं. मूल चेंडू मारत नाही, काठी ओढत बसतं.

पकड, म्हणजे ग्रिप, हातात भरून राहायला हवी. डाव्या हाताची बोटं तळव्यात घुसत असतील तर ती बारीक आहे. टेकतच नसतील तर जाड आहे. डावखुऱ्यांनी सगळं उलट धरावं.

पटरला दुय्यम मानू नका

पार 72 च्या मैदानात प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. अठरा होलांचे झाले 36, म्हणजे पारमधले निम्मे फटके एकाच क्लबचे. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. अंतरात ती कित्येक प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या मागे होती. तिनं भरपाई केली ती अचूक पटिंगनं. म्हणून पटर दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. 33, 34 आणि 35 इंचांचे पटर हातात घेऊन नैसर्गिक वाकून उभे राहा. डोळे चेंडूच्या वर किंवा किंचित आत यायला हवेत.

जुना सेट घेताना

बदल्या होत असतात, लोक खेळ सोडतात, त्यामुळे छावण्यांत आणि कारखान्यांच्या वसाहतींत जुने सेट मिळतात. नवखा असाल तर हा उत्तम मार्ग आहे. फक्त चार गोष्टी बघा. डोकं हलवून बघा, आतून खुळखुळ आवाज नको. दांडीवर चीर, पोचा किंवा खोल गंज नको. सगळी आयर्न एकाच सेटची हवीत, कारण वेगवेगळ्या सेटांतल्या सात नंबरचा लॉफ्ट 28 ते 34 अंशांपर्यंत कुठेही असू शकतो. वेजच्या पात्यावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झालेल्या नकोत. ग्रिप कडक झाली असेल तर मात्र घाबरू नका, ती थोडक्यात बदलून मिळते. आणि नामांकित ब्रँडचा कोरा सेट कुणी अर्ध्याहून कमी भावात देत असेल तर तो नकली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मैदानावरच्या प्रशिक्षकाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

क्रम कसा ठेवायचा

पहिले दोन महिने काहीच विकत घेऊ नका. सरावाच्या रेंजवर भाड्यानं क्लब मिळतात. तिथे सात नंबर आणि पटर एवढेच वापरा, शक्यतो वेगवेगळ्या लांबीचे आणि वजनाचे. चेंडू दहापैकी पाच वेळा हवेत जायला लागला, की सातचा सेट घ्या. वर्षभर खेळून झाल्यावर कुठे अडतं ते तुम्हालाच कळेल, आणि मग एकेक क्लब वाढवा.

आणि चार-सहा आठवडे शिकूनही चेंडू जमिनीवरून उठत नसेल, कोपर दुखत असेल, तर खेळ सोडण्याआधी एकदा दुसऱ्याच्या हातातला क्लब मागून बघा. मागायला लाजू नका, मैदानावर कुणी सहसा नाही म्हणत नाही. माझं दीड वर्ष गेलं, तुमचं जाऊ नये.

पुढच्या भागात चेंडूसमोर उभं कसं राहायचं ते बघू. तोपर्यंत मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा, ते आपल्याला लागणार आहे. नमस्कार.