युद्धेतिहास आणि आधुनिक सेनानेतृत्व : पालखेड, पानिपत व नामका चू यांच्या अनुषंगाने

प्रस्तावना

वैद्याला रोज रुग्ण भेटतो, वकिलासमोर रोज खटला उभा राहतो. सैनिकी अधिकाऱ्याच्या वाट्याला मात्र तीस वर्षांच्या सेवेत प्रत्यक्ष युद्ध एखाद्या वेळीच येते. पुष्कळांच्या वाट्याला तेही येत नाही. ज्या व्यवसायातील चुकीची किंमत शेकडो माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागते, त्या व्यवसायात स्वतःच्या अनुभवातून शिकण्याची संधी इतकी अल्प असावी, ही त्याची मोठी अडचण होय. म्हणूनच जगभरातील सैनिकी विद्यालयांत युद्धेतिहासाला अभ्यासक्रमात स्थान आहे. तथापि जुन्या लढाईतील डावपेच उचलून नव्या रणांगणावर वापरता येत नाहीत. शस्त्रे बदलतात, भूमी बदलते, शत्रूही तोच राहत नाही. मग इतिहासातून नेमके काय घ्यावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एकाच अंगाने केला आहे : युद्धाची जागा आणि वेळ ठरविण्याचे स्वातंत्र्य सेनापती कसे राखतो आणि ते कसे गमावतो.

पालखेड : १७२८

निजामउल्मुल्काने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष उचलून धरला व शाहूंच्या चौथाईच्या हक्कास हरकत घेतली, त्यातून १७२७ साली हा संघर्ष पेटला. निजामाचे बळ त्याच्या तोफखान्यात होते. समोरासमोर गाठ पडल्यास आपला निभाव लागणे कठीण, हे बाजीरावांनी ओळखले होते. त्यांनी जालन्याकडील मुलूख लुटला, बुऱ्हाणपुरावर चालून जात असल्याचा देखावा केला आणि खानदेशातून थेट गुजरातेत मुसंडी मारली. पाठलागाला कंटाळलेला निजाम पुण्यावर आला. स्वतःचे ठाणे शत्रूच्या हाती गेलेले पाहूनही बाजीराव पुण्याच्या बचावाला धावले नाहीत. त्यांनी निजामाच्या औरंगाबादेवरच रोख धरला. या मोहिमेतील सर्वांत अवघड निर्णय कदाचित हाच असावा. आता धावण्याची पाळी निजामाची होती. घाईत जड तोफा मागे पडल्या आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ त्याचे सैन्य अन्नपाण्यावाचून कोंडले गेले. मार्च महिन्यात मुंगी-शेवगाव येथे तह झाला. मोठे हातघाईचे युद्ध न होताच मोहिमेचा निकाल लागला होता. ब्रिटिश फील्डमार्शल माँटगोमेरी यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धेतिहासाच्या ग्रंथात या मोहिमेचा गौरव केला आहे.

पालखेडवरून ‘घोडदळ श्रेष्ठ, तोफखाना निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. बत्तीस वर्षांनी, १७६० साली, मराठ्यांनी उदगीर येथे निजामाच्याच वारसांचा पराभव केला, त्यात इब्राहीमखान गारद्याच्या कवायती पलटणींचा व तोफांचा मोठा वाटा होता.

पानिपत : १७६१

उदगीरच्या या विजयानंतर सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. बरोबर तोफखाना होता, तसाच कुटुंबकबिला, बाजारबुणगे आणि यात्रेकरूंचा मोठा लवाजमाही होता. जड सामान व बायकामुले मागे सुरक्षित ठिकाणी ठेवावीत, असा सल्ला मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांनी दिल्याचे तत्कालीन वृत्तांतांत नमूद आहे. तो मानला गेला नाही. पानिपतावरील मराठी लेखनात हा वाद बहुधा ‘गनिमी कावा की कवायती युद्ध’ अशा स्वरूपात मांडला जातो. ही मांडणी अपुरी वाटते. कवायती फौजेलाही पाठीशी मोकळा रस्ता आणि भरलेली कोठारे लागतात. किंबहुना तिला ती अधिकच लागतात.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली, परंतु तेथे पैसा नव्हता. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकल्यावर धान्य व दारूगोळा मिळाला. त्याच सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. मराठ्यांचा दक्षिणेशी असलेला मार्ग तुटला. यमुनेच्या उतारांवर पुरेशी नजर न ठेवल्याचे मोल येथे मोजावे लागले. त्यानंतरचे सुमारे अडीच महिने ही वस्तुतः अन्नधान्याची लढाई होती. नजीबखानाच्या साह्याने अब्दालीला दुआबातून रसद मिळत राहिली. ती तोडण्याचे काम गोविंदपंत बुंदेले करीत होते. डिसेंबरात ते मारले गेले आणि पारडे फिरले. जानेवारीत छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊंनी युद्ध दिले, ते तो दिवस अनुकूल होता म्हणून नव्हे, तर आणखी थांबणे शक्य नव्हते म्हणून. भुकेल्या माणसांनी त्या दिवशी दाखविलेले शौर्य वादातीत आहे. पण युद्धाची वेळ शत्रूच्या सोयीने ठरली होती.

प्रत्यक्ष रणांगणावरील दोन गोष्टी आजच्या अधिकाऱ्यांनी विशेष लक्षात घ्याव्यात. गारद्यांच्या तोफांनी रोहिल्यांची फळी विस्कळीत केली असता काही सरदारांचे घोडदळ उतावीळपणे पुढे घुसले. त्यामुळे आपल्याच तोफांचा मारा अडला व ठरलेली गोलाची रचना फुटली. ज्या सैन्यात दोन युद्धपद्धती एकत्र नांदतात, तेथे त्यांचा एकत्रित सराव झालेला नसेल तर नवे शस्त्रच अडथळा ठरते. दुसरी गोष्ट सेनापतीच्या जागेची. अब्दाली पिछाडीवर राहून राखीव फौज हाती ठेवून होता व ती त्याने दुपारनंतर वापरली. विश्वासराव पडल्यावर भाऊ स्वतः गर्दीत शिरले. त्या क्षणापासून मराठी सैन्याला आज्ञा देणारा कोणी उरला नाही.

नामका चू आणि त्यानंतर

पानिपतानंतर दोनशे एक वर्षांनी तीच स्थिती वेगळ्या भूमीवर उद्भवली. १९६२ च्या शरद ऋतूत भारताच्या सातव्या पायदळ ब्रिगेडला पूर्व हिमालयात थागला पर्वतरांगेच्या पायथ्याशी, नामका चू नदीच्या काठी उभे करण्यात आले. वरच्या उंचीवर चिनी सैन्य होते. जागा ब्रिगेडने निवडलेली नव्हती. ती दूरच्या कार्यालयांतून ठरली होती. रस्ता तेथवर पोहोचत नव्हता. विमानातून त्सांगधर येथे टाकलेल्या सामानापैकी बरेच दऱ्यांत नाहीसे होई. जवानांजवळ थंडीचे कपडे नव्हते आणि दारूगोळा मोजकाच होता. पुरेशी रसद साठल्याखेरीज हालचाल नको, असा आग्रह धरणारे कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल उमरावसिंग यांच्याकडून या क्षेत्राची जबाबदारी काढून घेण्यात आली. २० ऑक्टोबरला पहाटे हल्ला झाला व काही तासांत ब्रिगेड मोडली. दुसऱ्या राजपूत पलटणीचे निम्म्याहून अधिक जवान मारले गेले. ब्रिगेडियर जॉन दळवी यांना दोन दिवसांनी कैद करण्यात आले.

वरिष्ठांना ‘अद्याप तयारी नाही’ असे सांगणे हे भित्रेपणाचे लक्षण मानले जाते, तेव्हा त्याची शिक्षा सांगणाऱ्याला नव्हे, तर खंदकातील शिपायाला भोगावी लागते. एप्रिल १९७१ मध्ये जनरल सॅम माणेकशा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना नेमके हेच सांगितले. पूर्व बंगालातील पावसाळा तोंडावर होता आणि हिमालयातील खिंडी खुल्या असल्याने चीनकडून हस्तक्षेपाचा धोका होता. मुदत मिळाली. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले, तोवर त्रिपुरासारख्या आडबाजूच्या भागातही एका संपूर्ण कोअरला पुरेल एवढा साठा जमविण्यात आला होता. त्या तयारीच्या बळावरच लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांना मेघना नदीशी पोहोचल्यावर निर्णय घेता आला. भैरवबाजारचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडविला होता व ते तेथेच हल्ल्याची वाट पाहत होते. सगतसिंगांनी त्या ठाण्याला वळसा घालून ९ डिसेंबरपासून मोजक्या एमआय-४ हेलिकॉप्टरांतून आपले जवान नदीपलीकडे उतरविले. मूळ आदेशात मेघना ओलांडण्याचा उल्लेखही नव्हता. भैरवबाजारची पाकिस्तानी फौज जागच्या जागी राहिली आणि भारतीय तुकड्या ढाक्याच्या वाटेला लागल्या.