समजून घ्या : जुन्या कारला दुसरे इंजिन बसवायचे? आधी कागद, मग पाना

इंजिनाच्या किमतीपेक्षा जोडकामाचा खर्च मोठा, आणि आरसीवर नोंद नसेल तर दोन्ही पाण्यात. कमी बजेटमध्ये इंजिन बदलताना काय पाहायचे, कायदा काय सांगतो?

शिरपूर : गाडीची बॉडी ठणठणीत आहे, पत्रा कुठे सडलेला नाही, पण सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि चढावर गाडी दम तोडते. पंधरा-वीस वर्षे जुन्या कारच्या मालकांना ही तक्रार ओळखीची आहे. गाडी विकायला गेले तर भंगाराच्या आसपास भाव मिळतो. नवी घ्यायची तर लाखांचे कर्ज होते. अशा वेळी गॅरेजमध्ये कोणीतरी हमखास सुचवते, ‘दुसरे इंजिन टाकून द्या, गाडी नवी होईल.’

सल्ला ऐकायला सोपा आहे. मात्र दुसरे इंजिन आणणे आणि ते गाडीत नीट, कायदेशीरपणे बसवणे यात मोठे अंतर आहे. हे अंतर पैशांत किती आणि कागदांत किती, ते जाणून घेऊया.

इंजिन खरेच गेले आहे का?

बजेटमधला सर्वांत मोठा वाचवलेला पैसा म्हणजे नको असलेला इंजिनबदल टाळणे. त्यामुळे इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो, हे त्यातून कळते. चारपैकी एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल तर दोष वाल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा असू शकतो. तेवढेच काम करून भागते.

धुराचा रंगही बरेच सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन गरजेपेक्षा जास्त जात आहे. यात दोष अनेकदा कार्बोरेटरचा किंवा सेन्सरचा निघतो. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर ते पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याची शक्यता असते. ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल तर गॅस्केट किंवा हेड तपासायलाच हवे.

सर्व सिलिंडरचा दाब पडलेला असेल आणि ऑइलही सतत कमी होत असेल, तरच पुढच्या पर्यायांचा विचार करावा.

पर्याय किती आहेत?

ढोबळमानाने तीन.

पहिला, आहे तेच इंजिन उघडून काम करणे. बोअर, रिंग-पिस्टन, बेअरिंग, वाल्व्ह. वेळ लागतो, लेथचे काम चांगले हवे. पण इंजिन नंबर तोच राहतो आणि कागदांना हात लागत नाही.

दुसरा, त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे दुसरे इंजिन बसवणे. फाउंडेशन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळे जुळते. इंजिन नंबर बदलतो, त्यामुळे आरटीओकडे नोंद आवश्यक ठरते.

तिसरा, वेगळ्याच जातीचे, जास्त ताकदीचे इंजिन बसवणे. चर्चा सर्वाधिक याचीच होते. खर्च आणि कायद्याची अडचणही इथेच सर्वाधिक.

कंपन्यांनी हे कसे केले होते?

वेगळ्या कंपनीचे इंजिन जुन्या बॉडीत बसवण्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ‘पद्मिनी’ बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही कार आणली. बॉडी फियाट १२४ या जुन्या मॉडेलची होती, तर इंजिन निस्सानचे, ११७१ सीसीचे. कंपनीने निस्सानचे फक्त इंजिन उचलले नाही, सोबत निस्सानचाच गिअरबॉक्स घेतला.

हिंदुस्तान मोटर्सनेही तेच केले. ‘कॉन्टेसा’ सुरुवातीला अॅम्बेसेडरच्याच दीड लिटरच्या इंजिनवर चालत होती. भारी बॉडीला ते पुरेना. मग इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले, आणि त्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्स. पुढे हेच इंजिन अॅम्बेसेडरमध्येही बसले.

यातून घेण्यासारखा धडा सरळ आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स ही जोडी आहे. ज्यांच्याकडे अभियंते, यंत्रे आणि चाचणीचे ट्रॅक होते, त्यांनीही ही जोडी तोडली नाही. गावातल्या गॅरेजमध्ये ती तोडायची तर बेल हाऊसिंगला प्लेट बनवणे, क्लचप्लेट जुळवणे, शाफ्टची लांबी बदलणे ही कामे लेथवर करावी लागतात. त्यात एखाद्या मिलिमीटरचा फरक राहिला तरी गिअरबॉक्सचे बेअरिंग लवकर जाते.

सीसी सारखे म्हणजे इंजिन सारखे?

नाही. मारुती ८०० आणि ओम्नी या दोन्ही गाड्यांची इंजिने ७९६ सीसीची. पण ८०० मध्ये इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली उभे बसते आणि मागच्या चाकांना ताकद देते. त्यामुळे फाउंडेशन, पाण्याचे पाइप, सायलेन्सरचा मार्ग वेगळा.

जिप्सीचेही तसेच. ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीत एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन बसवण्याचा प्रयोग हौशी मंडळींमध्ये प्रसिद्ध आहे. पुढे मारुतीने स्वतः जिप्सीला त्याच कुटुंबातले १.३ लिटरचे इंजिन दिले, म्हणून हे सोपे वाटते. प्रत्यक्षात एस्टीममध्ये इंजिन आडवे असते आणि जिप्सीत उभे. जुळवाजुळव करावीच लागते.

इंजिन फ्युएल इंजेक्शनचे असेल तर आणखी एक खर्च वाढतो. कार्बोरेटरच्या गाडीत ते बसवायचे तर ईसीएम, सर्व सेन्सर, पूर्ण वायरिंग आणि पेट्रोलच्या टाकीतला पंपही लागतो. ‘इंजिन घ्या, वायरिंग नंतर बघू’ असे म्हणणाऱ्याकडून इंजिन न घेतलेले बरे.

खर्चाचा हिशेब कसा मांडायचा?

समजा, इंजिन ३० हजारांना ठरले. यादी तिथे संपत नाही, तिथून सुरू होते. वाहतूक, इंजिन उतरवणे-चढवणे, फाउंडेशनचे रबर, क्लचप्लेट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील, रेडिएटर, पाइप, सायलेन्सर, बॅटरी, ऑइल आणि कूलंट. टायमिंग बेल्ट, क्लचप्लेट आणि सील ही कामे इंजिन बाहेर असतानाच करून घ्यावीत. नंतर करायची तर मजुरी दुप्पट पडते.

इंजिन जास्त ताकदीचे असेल तर ब्रेक आणि सस्पेन्शनही त्या ताकदीचे लागते. ते टाळून केलेली बचत मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकच्या मागे अचानक ब्रेक दाबताना महागात पडते.

एकूण अंदाजाच्या पाव भाग रक्कम वेगळी काढून ठेवा. ती ठेवता येत नसेल तर काम सुरूच करू नये. अर्धवट उघडलेली गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात वर्षभर पडून राहते, ती बहुतेक वेळा याच कारणाने.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा अटींसह आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले.

त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणजे तिसरा पर्याय, वेगळ्या ताकदीचे इंजिन, हा रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी जवळपास बंद आहे. दुसरा पर्याय, त्याच बनावटीचे आणि प्रकारचे इंजिन, खुला आहे. पण इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला देऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. शिरपूरच्या एमएच-१८ गाड्यांसाठी हे कार्यालय धुळ्यात आहे. इंजिन विकत घेण्याआधीच तिथे जाऊन कोणती कागदपत्रे लागतील, हे विचारून यावे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची ना-हरकतही लागते.

जुने इंजिन कुठून आणि कसे घ्यायचे?

मुंबईतील कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. बाजार कोणताही असो, इंजिन कोणत्या गाडीतून निघाले, हा पहिला प्रश्न. मेरठमधील सोतीगंज हा बाजार चोरीच्या गाड्या तोडण्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. २०२१ मध्ये पोलिसांच्या कारवाईनंतर तो बंद झाला. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या बॉनेटखाली सापडले तर ते जप्त होते आणि उत्तर मालकाला द्यावे लागते.

त्यामुळे इंजिन नंबर स्वतः पाहा. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते काढले तिच्या आरसीची प्रत घ्या. शक्य असेल तर इंजिन चालू करून बघा, निदान कॉम्प्रेशन तपासा. इंजिन खराब निघाल्यास परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या. मुंबई किंवा इंदूरहून आणलेले इंजिन परत पाठवायचे भाडेही आपल्याच खिशातून जाते.

विम्याचे काय?

आरसी आणि विमा पॉलिसी या दोन्हींवर इंजिन नंबर असतो. अपघातानंतर सर्व्हेअर तो ताडून पाहतो. नंबर जुळला नाही तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. अपघातात कोणी जखमी झाले असेल तर भरपाईचा बोजा शेवटी मालकावर येण्याचा धोका असतो. म्हणून आरसीवर नोंद होताच विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्यावा.

इंजिन नवे, मग गाडीचे वय कमी होते का?

होत नाही. वय मोजले जाते ते पहिल्या नोंदणीपासून. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग फिटनेस तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ते दहा हजार करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. गाडीची मुदत वर्षभरात संपत असेल तर हा खर्चही इंजिनाच्या हिशेबात धरावा.

काम झाल्यावर तपासणी कशी करायची?

खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. हिवाळ्यात ठीक वाटणारी गाडी तेव्हा उकळते. त्यामुळे गॅरेजच्या दारातली चाचणी पुरेशी नाही. भर दुपारी, एसी चालू ठेवून, सेंधव्याच्या दिशेने बिजासन घाट चढून पाहावा. तापमानाचा काटा स्थिर राहिला, खाली ऑइल-पाण्याचा थेंब दिसला नाही आणि क्लच घसरला नाही, तर काम जमले. मजुरीची शेवटची रक्कम या फेरीनंतर द्यायची, असे आधीच ठरवून घ्या. पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

थोडक्यात काय?

बॉडी मजबूत, नोंदणीची मुदत शिल्लक आणि त्याच प्रकारचे कागदोपत्री स्वच्छ इंजिन उपलब्ध, या तीन गोष्टी जुळल्या तर इंजिनबदल परवडतो. इंजिनाचा ब्लॉक शाबूत असेल तर आहे त्याच इंजिनाचे काम करणे बहुतेकांसाठी जास्त शहाणपणाचे. आणि एकूण खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा वर जात असेल, तर त्या पैशांत त्याच मॉडेलची बरी गाडी मिळते का, हे आधी पाहून घ्यावे. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि आरसी एकमेकांशी जुळलेलेच मिळतात.