पालीचा देव आणि पालीचा डोंगर

अष्टविनायकांच्या यात्रेची गाडी पालीला येते आणि तासाभरात पुढच्या गणपतीच्या वाटेला लागते. दर्शन, नारळ, पेढ्यांचा पुडा. एवढ्यात पाली उरकते. देवळाच्या पाठीशी सरसगडाचा प्रचंड कातळ उभा असतो, पण त्याच्याकडे मान वर करून पाहण्याची सवड फार थोड्यांना असते. दोन दिवसांत आठ देव गाठायचे, असा पण केल्यावर दुसरे काय होणार?

वास्तविक बल्लाळेश्वराची कथाच मुळी रानातली. कल्याणशेठ वाण्याचा मुलगा बल्लाळ सवंगड्यांना घेऊन रानात जाई आणि एका पाषाणाला गणपती मानून पूजा मांडी. संतापलेल्या बापाने पाषाण भिरकावून दिला, पोराला झाडाला बांधून बदडले. तो भिरकावलेला पाषाण म्हणजेच धुंडीविनायक, आणि आधी त्याचे दर्शन घेऊन मग बल्लाळेश्वराकडे जावे, अशी रीत आहे. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा देव हा एकटाच. त्या भक्ताला देव भेटला रानात. आपण मात्र सभामंडपातूनच परततो. मंडपातली मोठी घंटा तरी निरखून पाहावी. १७३९ साली वसई सर केल्यावर चिमाजी आप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक, असे सांगतात.

देवळामागून गडाची वाट निघते. शेवटच्या चढावर अखंड कातळात कोरलेल्या शहाण्णव पायऱ्या आहेत, आणि त्यांची उंची अशी की एकेक पायरी चढताना गुडघ्याला हात लावावाच लागतो. माथ्यावरून आंबा नदीचे खोरे पायाशी दिसते. पूर्वेला सुधागड आणि तैलबैलाच्या जुळ्या भिंती. सुधागडावर भोरच्या पंतसचिवांची कुलदेवता भोराई आहे. हा मुलूख १९४८ सालापर्यंत भोर संस्थानाचाच होता. सुधागडाच्या पायथ्याच्या पाच्छापुरास १६८१ साली औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर आणि संभाजी महाराज यांची भेट झाली.

याहूनही जुना इतिहास नाडसूरजवळच्या ठाणाळ्यास आहे. तेथे डोंगराच्या कुशीत तेवीस बौद्ध लेणी आहेत. चौलच्या बंदरात उतरलेला माल याच परिसरातल्या घाटवाटांनी देशावर चढे आणि त्या वाटांवरच भिक्खूंचे वर्षावास होत. म्हणजे व्यापारी, भिक्खू, गडकरी आणि गणेशभक्त अशा चौघांनी हा डोंगर वापरला. पाचवे आपण, आणि आपण तो गाडीच्या खिडकीतून पाहतो!

शाळांच्या सहली तर दरवर्षी पालीला येतात. त्यांतील एक मुक्काम वाढवून मुलांना सरसगड दाखवणे फारसे खर्चाचे नाही. इतिहासाच्या तासाला घाटवाटा फळ्यावर काढून जे समजत नाही, ते माथ्यावर उभे राहून पाच मिनिटांत समजते. ठाणाळे, सुधागड यांसाठी मात्र वाट दाखविणारा स्थानिक माणूस सोबत घ्यावा आणि त्याला त्याची मजुरी मोकळ्या हाताने द्यावी. यात्रेकरूंचा पैसा देवळाच्या बाजारापलीकडच्या वाड्यांत जाण्याचा तो एक सरळ मार्ग आहे.

पावसात कातळावर शेवाळ धरते, तेव्हा हा बेत दिवाळीनंतरच करावा, आणि पहाटेच निघावे. उतरल्यावर पोटऱ्या भरून आल्या तर उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे पालीपासून फार दूर नाहीत.